रेस दिली की गरम, आयडलला थंड: हीटरच्या एका तक्रारीचा माग

गाडी चालती असली की हीटरमधून छान गरम वारा येतो. सिग्नलला थांबून इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, राहिलं की दोन-तीन मिनिटांत तोच वारा थंड पडतो. थोडी रेस दिली की पुन्हा गरम. ही तक्रार ऐकली की पुष्कळ जण थेट डॅशबोर्ड खोलायला घेतात, आणि तिथेच वेळ आणि पैसा वाया जातो. आरपीएमप्रमाणे, म्हणजे इंजिनाच्या मिनिटातल्या फेऱ्यांप्रमाणे, गरम-थंड होणाऱ्या हीटरचा दोष बहुतेक वेळा हीटरच्या डब्यात नसतो. इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, पुरेसं फिरत नाही, एवढंच तो सांगत असतो.

इथे ज्या गाडीचं काम मांडलं आहे ती २.२ लिटरची डिझेल एसयूव्ही. १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली, सगळा वापर नाशिक जिल्ह्यातला. जानेवारीत तिला हिमाचलमधल्या लाहौलला, केलाँगपर्यंत जायचं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातल्या गाड्या भर हिवाळ्यातही मनालीच्या पलीकडे जाऊ लागल्या आहेत. आपल्याकडे मात्र हीटर वर्षातून चार दिवससुद्धा लागत नाही, त्यामुळे तो बिघडलेला आहे हेच कळत नाही. निफाडच्या पट्ट्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो म्हणून निदान इथे तरी ते लक्षात आलं.

आधी रचना डोळ्यांसमोर हवी. हीटर कॉइल म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनाच्या हेडकडून, म्हणजे वरच्या भागाकडून, गरम कूलंट एका होज पाइपने फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा, ओलांडून कॉइलमध्ये जातं आणि दुसऱ्या पाइपने वॉटर पंपाच्या ओढीकडे परत येतं. पंप इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. आयडलला ८०० आरपीएम आणि रस्त्यावर २४०० धरले, तर पंपाचा वेग तिप्पट होतो. प्रवाह साधारण तिप्पट होतो, पण पंप जो दाब तयार करतो तो नऊपट होतो. सगळं कोडं या नऊपटीत आहे. कॉइलमध्ये हवेचा बुडबुडा अडकला असेल, नळ्या क्षाराने बारीक झाल्या असतील किंवा पंपाची पाती झिजली असतील, तर २४०० ला तो दाब अडथळा रेटून नेतो, ८०० ला नेत नाही.

एकही नट सैल करण्यापूर्वी आकडे घ्यायचे. तीन साधनं पुरतात: स्वयंपाकघरात वापरतात तसा सुईचा थर्मामीटर, लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन आणि ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या जोडणीला, लावायचं ब्लूटूथ स्कॅनर. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत इंजिन ७५ वर असो की १०० वर, काटा मुद्दाम मध्येच ठेवलेला असतो.

बाहेर ९ अंश असताना, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर दोन नंबरवर ठेवून आमचे आकडे असे आले. स्कॅनरवर कूलंट ८४ अंश. २४०० आरपीएमला व्हेंटमधला वारा ५२ अंश. आयडलला तीन मिनिटांनी २७. मग बोनेट उघडून फायरवॉलजवळचे दोन्ही होज गनने मोजले. काळ्या रबरावर गनचा आकडा भरवशाचा येतो, चकचकीत धातूच्या पाइपावर चुकतो, म्हणून मोजायचं ते रबरावरच. आयडलला आत जाणारा होज ७९ आणि परतीचा ३४. २४०० ला परतीचा ६६.

या दोन होजच्या आकड्यांत अर्धं निदान होतं. दोन्ही होज कडक गरम आणि वारा थंड, तर कूलंटची बाजू ठीक आहे. गरम-थंड हवा मिसळणारा आतला फ्लॅप, त्याची केबल किंवा मोटर बघायची. आत जाणारा गरम आणि परतीचा थंड, तर कूलंट कॉइलमधून रखडत जातंय. दोन्ही कोमट, तर होजमधला हीटर वॉल्व्ह बंद असेल, कूलंट कमी असेल किंवा इंजिनच तापत नसेल. जुन्या गाड्यांत हा वॉल्व्ह केबलवर चालतो आणि वर्षानुवर्षं न वापरल्याने अर्ध्यात अडकतो, तोही हाताने हलवून पाहावा. आमची केस मधली होती: इंजिन पुरेसं गरम, कॉइलच्या तोंडाशी उष्णता पोचलेली, पण पुढे प्रवाह नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तिचा संशय इथेच मिटवून घेतला, कारण आपल्याकडे ‘गाडी गरम होते, थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसेल तर थंडीत इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही, डिझेल जास्त जातं आणि हीटर कायम कोमट राहतो. तपासणी सोपी आहे. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवायचा. सुरुवातीपासून तो हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा काढलेला आहे. आमचा होज स्कॅनरवर ८० दिसेपर्यंत गार होता आणि मग एकदम तापला. म्हणजे ८२ अंशांचा थर्मोस्टॅट जागेवर होता आणि काम करत होता.

मग पातळी. रिझर्व्ह बाटलीत कूलंट मिन आणि मॅक्सच्या बरोबर मध्ये होतं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. ज्या गाड्यांत रेडिएटरला स्वतःची कॅप असते तिथे बाटलीवरून रेडिएटर भरलेला आहे की नाही हे कळत नाही. रात्रभर गार झालेल्या इंजिनावरची कॅप काढली तर मानेत काहीच दिसेना. (गरम इंजिनावर ही कॅप कधीही काढू नये. दाब सुटताच आतलं पाणी उकळून तोंडावर येतं.) भरायला ९०० मिलीलिटर लागलं. आत जे होतं ते कूलंट म्हणण्यासारखं नव्हतंच: फिकट तांबूस पाणी, रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंटचं प्रमाण मोजायचं साधन) जवळजवळ शून्य ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य घटक. दर वेळी थोडं-थोडं बोअरचं पाणी टाकलं गेल्याची ही खूण.

हवा काढण्याचं काम घाईने केलं की दोनदा करावं लागतं. गाडी चढाला तोंड करून, पुढची चाकं दोन विटांइतकी उंच येतील अशी उभी केली, मागच्या चाकांना दगड लावले. हीटर पूर्ण गरमवर. हीटर होजवर एअर काढायचा छोटा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवून, बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत सावकाश भरायचं. स्क्रू नसेल तर रेडिएटरच्या मानेवर घट्ट बसणारं फनेल लावून ते अर्धं भरलेलं ठेवायचं, म्हणजे पाण्याची पातळी हीटर कॉइलपेक्षा वर राहते. इंजिन सुरू करून वरचा होज हाताने दाबत-सोडत राहायचं. थर्मोस्टॅट उघडल्यावर २००० ते २५०० आरपीएमला तीस सेकंद, मग आयडलला एक मिनिट, असं पाच-सहा वेळा. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत काम संपलं असं समजू नये. पंखा इलेक्ट्रिक असेल तर तो न सांगता सुरू होतो, बाही आणि बोटं दूर ठेवावीत.

डॅशबोर्डमागून येणारा खळखळ आवाज बंद झाला आणि आयडलचा वारा २७ वरून ३६ वर आला. बरेच जण इथे थांबतात. आम्ही थांबलो नाही, याची दोन कारणं. ९०० मिली पाणी गेलं कुठे, हे कळलं नव्हतं. आणि परतीचा होज आयडलला अजून ४५ च दाखवत होता.

रेडिएटर कॅपवर १.१ बारचा शिक्का होता (बार हे दाबाचं माप). हातपंपाच्या टेस्टरवर ती ०.४ बारलाच सुटली. कॅपमध्ये दोन झडपा असतात. मोठी झडप दाब धरते. मधली छोटी झडप इंजिन गार होताना उघडते आणि बाटलीतलं कूलंट परत आत घेते. या कॅपची छोटी झडप चिकटलेली होती. म्हणजे तापताना पाणी बाटलीत जात होतं, गार होताना परत येत नव्हतं, त्याच्या जागी कुठल्यातरी सैल जोडातून हवा आत ओढली जात होती. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हे त्यामुळेच. कॅप ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात शेवटी तपासली जाणारी. नवीन घेताना त्याच दाबाची घ्यावी. जास्त दाबाची लावली तर जुने होज आणि कॉइल फुटायची भीती.

डोंगरात जाणाऱ्या गाडीला ही कॅप आणखी महत्त्वाची. ३१०० मीटरच्या आसपास, म्हणजे केलाँगच्या उंचीवर, उघडं पाणी साधारण ९० अंशांना उकळतं. इंजिन तर ८५-९० वरच चालतं. दाब न धरणारी कॅप आणि आत साधं पाणी, असा जोड असेल तर तिथे पाणी हेडमध्येच उकळून वाफ होईल आणि हीटर पुन्हा थंड पडेल. निम्मं ग्लायकॉल आणि एक बारभर दाब असला की समुद्रसपाटीला हा बिंदू १२९ अंशांपर्यंत जातो. उंचीवर थोडा कमी, तरी भरपूर राखीव राहते.

हवा ओढणारा जोडही सापडला. रेडिएटरला टेस्टरने १ बार दाब देऊन पंधरा मिनिटं ठेवला, तो ०.९ वर आला. थर्मोस्टॅटच्या घराजवळच्या एका लहान होजच्या क्लिपखाली पांढरट क्षाराची कडी जमली होती. पाणी बाहेर येताच वाफ होऊन जात होतं, म्हणून खाली डाग दिसत नव्हता. स्प्रिंगची क्लिप ढिली पडली होती, ती बदलली.

हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलेलं नाही याचीही खात्री करून घेतली, कारण सतत हवा भरत असेल तर ती ज्वलनाची असू शकते. त्याची बिनखर्चाची चाचणी: रात्रभर गार इंजिन, कॅप घट्ट, सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा टणक झाला तर दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधला आहे. आमचा होज मऊ राहिला. शंका उरली तर रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी करून घ्यावी. रेडिएटरच्या मानेतली हवा त्या निळ्या द्रवातून ओढतात, एक्झॉस्टचा गॅस असेल तर पेट्रोलला द्रव पिवळा आणि डिझेलला हिरवट होतो.

आता प्रश्न कॉइल की पंप. दोन्हींची लक्षणं होजवर सारखीच दिसतात, म्हणून कॉइल वेगळी काढून मोजायची, आणि त्यासाठी डॅशबोर्ड खोलावा लागत नाही. फायरवॉलजवळचे दोन्ही होज काढले. ओढून काढू नयेत, कॉइलचे नळे पातळ ॲल्युमिनियमचे असतात आणि वाकतात. होज चिकटला असेल तर ब्लेडने उभा चिरून नवीन टाकावा. मग कॉइलपेक्षा एक मीटर उंचावर पाच लिटर पाण्याची बादली टांगली, तिच्या तळातून नळी आधी नुसतीच खाली सोडली: ३५ सेकंदांत रिकामी. तीच नळी कॉइलला जोडून, दुसऱ्या तोंडातून पाणी बाहेर घेतलं: १ मिनिट ५० सेकंद. कॉइल बरीच तुंबलेली होती, याला यापेक्षा मोठा पुरावा नको.

असं का होतं, हेही सांगतो. आपल्या खडकाळ भागातलं बोअरचं पाणी जड असतं. बहुतेक मिठं गरम पाण्यात जास्त विरघळतात, पण कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. पाणी तापलं की तो बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागेवर, म्हणजे हेडभोवती, थर धरतो. तिथल्या खपल्या आणि ब्लॉकचा गंज सुटून फिरू लागतो आणि सगळ्यात बारीक नळ्या जिथे आहेत तिथे अडकतो. त्या हीटर कॉइलमध्ये असतात. गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद किंवा तयार पावडर टाकण्याची जी पद्धत आहे तिचाही गाळ इथेच येऊन बसतो. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरता तो उपाय समजू शकतो, पण घरी आल्यावर ते धुऊन काढलंच पाहिजे.

धुताना आधी उलट दिशेने, म्हणजे परतीच्या तोंडातून, साधं पाणी कमी दाबाने सोडलं. वॉशिंग सेंटरचा पंप किंवा कॉम्प्रेसर थेट लावू नये, कॉइल फुटली तर मात्र डॅशबोर्ड खोलण्याला पर्याय राहत नाही. तांबूस पाणी, खपल्या आणि बोटभर चिखल निघाला. पाणी स्वच्छ यायला लागल्यावर पाच लिटर कोमट पाण्यात २५० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवलं आणि उन्हाळी कूलरच्या छोट्या पंपाने ते कॉइलमधून ४० मिनिटं फिरवलं, दर दहा मिनिटांनी दिशा बदलून. सुरुवातीला बादलीत बारीक फेस येतो, तो क्षार विरघळल्याचा. संडास धुण्याचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा अजिबात वापरू नये, दोन्ही ॲल्युमिनियम खातात. लिंबूसत्त्वही रात्रभर ठेवू नये. शेवटी खाण्याचा सोडा घातलेलं पाणी एकदा, साधं पाणी भरपूर आणि डिस्टिल्ड पाणी एकदा. बादलीची चाचणी परत: ५२ सेकंद. अगदी नव्यासारखी नाही, पण पुरेशी.

पंप बाहेरून ठीक दिसत होता. खालच्या छोट्या भोकातून गळती नव्हती, पुली हलत नव्हती. तरी १ लाख ४० हजारांवर बेल्ट बदलायचाच होता म्हणून पंप उतरवला, आणि पात्यांच्या कडा गंजून निम्म्या झालेल्या दिसल्या. पात्याची कड आणि घराची भिंत यांच्यातली फट वाढली की कमी वेगाला पाणी पुढे न जाता तिथल्या तिथे घुसळत राहतं. पंप बदलायचा निर्णय नेहमी इतका सोपा नसतो. पण कॉइल साफ, हवा पूर्ण निघालेली, कॅप नवी आणि तरी आयडलला परतीचा होज थंड, अशी स्थिती आली तर पंप न उघडता पुढे जाऊ नये. काही गाड्यांत पातं प्लॅस्टिकचं असतं आणि ते शाफ्टवर सैल होऊन घसरतं, तिथे बाहेरून काहीच कळत नाही.

परत भरताना एक हिशेब हमखास चुकतो. या गाडीची पूर्ण क्षमता ८ लिटर, पण रेडिएटरचा खालचा बूच काढल्यावर ५ लिटरच निघतं, उरलेलं ब्लॉकमध्ये राहतं. त्यात तयार मिश्रण ओतलं तर शेवटचं प्रमाण पातळ होतं. म्हणून डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवून घेतल्यावर आधी ४ लिटर न मिसळलेलं कूलंट ओतलं आणि वर डिस्टिल्ड पाण्याने भरलं. आतलं उरलेलं पाणी धरून निम्मं-निम्मं झालं. रिफ्रॅक्टोमीटरने खात्री करून घेतली. निम्म्या इथिलीन ग्लायकॉलचं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. एक तृतीयांश असेल तर उणे १७-१८ ला गोठायला लागतं. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असंही नाही: शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. आणि साधं पाणी ठेवून लाहौलला गेलं तर ते रात्री गोठून साधारण ९ टक्के फुगतं, मग हीटर सोडा, ब्लॉकलाच तडा जातो.

कूलंट निवडताना रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी हे कंपन्यांनी आपापले ठरवलेले रंग आहेत. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिला आहे तोच घ्यावा आणि दोन प्रकार मिसळू नयेत. काढलेलं जुनं कूलंट उघड्यावर ठेवू नये: ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री ते चाटतात. लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं बघावं.

पुन्हा त्याच पद्धतीने हवा काढली, एक रात्र गार होऊ दिलं, सकाळी १५० मिली आणखी लागलं. मग पहिल्याच मांडणीत आकडे घेतले. आयडलला आत जाणारा होज ८१, परतीचा ६८, वारा ४९. २४०० ला वारा ५५. आता आयडल आणि रस्ता यांत सहा अंशांचा फरक उरला, तो पंपाच्या स्वभावाचा आहे, राहणारच.

डिझेल गाडीवाल्यांसाठी एक इशारा आवश्यक वाटतो. उणे दहाच्या थंडीत ठणठणीत डिझेल गाडीसुद्धा आयडलला ठेवली तर हळूहळू गार होत जाते. आयडलला डिझेल इतकं कमी जळतं की हीटर ओढतो तेवढी उष्णता तयारच होत नाही. तेव्हा केलाँगला वारा थंड झाला तर आधी स्कॅनर पाहावं. कूलंट ८५ वरून ६० पर्यंत उतरत असेल आणि दोन्ही होज एकत्र गार होत असतील तर बिघाड नाही. ब्लोअर एक नंबरवर आणावा, हवा आतलीच फिरवावी, आणि गाडी चालवली की तापमान येतं. काचेवर वाफ धरली तर मात्र लगेच बाहेरची हवा घ्यावी. कूलंट ८५ वर स्थिर असताना वारा थंड होत असेल तरच वर सांगितलेल्या मार्गाने सुरुवात करायची.

पुढच्या ५०० किलोमीटरमध्ये दोनदा, सकाळी गार इंजिनावर, कॅप काढून मान भरलेली आहे का ते पाहिलं. बाटलीवर मार्कर पेनाने गार असतानाच्या पातळीची रेघ मारून ठेवली. दुसऱ्या वेळी एक थेंबही लागला नाही.